तांब्यावरचा ओरखडा

“शेवटचं नीट कधी बोलले हे?”

डॉक्टर घोरपडे वयाने माझ्याहून लहान असाव्यात. हातात बाबांच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म होती, पण नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती.

“एकच्या सुमाराला आमच्या लक्षात आलं,” मी म्हणाले.

“लक्षात कधी आलं ते नाही विचारत. सुरू कधी झालं? हे बघा, रक्तस्राव नाहीये, गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन माझ्याकडे आहे. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आत दिलं तर वाचा परत येऊ शकते, हात परत येऊ शकतो. उशिरा दिलं तर डोक्यात रक्त सुटण्याची भीती, आणि मग माणूस हातातून जातो. म्हणून विचारतेय. शेवटचं नीट कधी बोलले?”

ज्यांच्या बंगल्यातून आम्ही बाबांना आणलं त्या रणभिसेबाईंकडे मी पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“साडेदहाला,” बाई म्हणाल्या. “माझी गोळी घ्यायची वेळ ती, म्हणून पक्कं ठाऊक आहे. मला म्हणाले, दारावरची पट्टी काढून मागची बाजू बघू का?”

“आणि नंतर?”

“नंतर बोलले नाहीत.”

तीन वाजून गेले होते. डॉक्टरांनी फिल्म टेबलावर ठेवली. “म्हणजे वेळ उलटून गेली.”

“अहो नाही,” बाई म्हणाल्या. “ते आजारी म्हणून गप्प नव्हते. ते तसेच गप्प होते.”

“तसेच म्हणजे?”

ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि आमच्याकडे वेळ दोन वाक्यांपुरताच होता.

माझे बाबा, रघुवीर सबनीस, सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पाचगणी, महाबळेश्वर, देवळाली इथल्या जुन्या बंगल्यांची मोजमापं घेता घेता त्यांना एक नाद लागला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काही कारागिरांनी यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत वस्तूंना कंटाळून पुन्हा हातोडी उचलली होती. तांबं ठोकून, पितळ ठोकून त्यांनी ताटं केली, दिवे केले, दारांच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या केल्या. हातोडीच्या खुणा घासून काढायच्या नाहीत, दिसू द्यायच्या, हा त्यांचा हट्ट. त्यातल्या काही वस्तू साहेबांच्या ट्रंकांतून आपल्याकडच्या डोंगरांवर आल्या आणि साहेब गेले तरी इथेच राहिल्या. कुणी त्यांत खिळे ठेवायचं, कुणी कोंबड्यांना पाणी. बाबा त्या हुडकून काढत. आज त्यातल्या सत्तावीस वस्तू माझ्या घरात आहेत. बाबा नाहीत.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. माझ्याकडे लोहचुंबक असायचं. वस्तूला चिकटलं की आत लोखंड, वर नुसता मुलामा. मग आम्ही चहा पिऊन निघायचो. चिकटलं नाही तर बाबा वस्तू हातात घेत, उलटी करत, पाठीवरून अंगठा फिरवत आणि गप्प बसत. सौदा करताना ते बोलतच नसत. समोरच्या माणसाला ती शांतता सहन होत नसे. तो आधी वस्तूची तारीफ करी, मग घरच्या अडचणी सांगे आणि शेवटी आपणहून खाली येई. बाबा गप्पच. मध्येच उठून ते बाहेर मात्र येत, माझ्याजवळ वाकत आणि कुजबुजत, “उतू, पाठ बघितलीस का त्याची? एकेक ठोका वेगळा आहे.” मला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मी मोठी झाले, कॉलेजात शिकवायला लागले, माझं लग्न झालं आणि मोडलं, तरी कुठे काही बघायला जायचं असलं की मला फोन येई आणि मी जाई.

रणभिसेबाईंपुढे मात्र बाबांची ही मात्रा चालत नव्हती. एस्तेर रणभिसे पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. बंगला एका इंग्रज शिक्षिकेने जाताना त्यांच्या नावे केला होता, आणि त्याच्या हॉलच्या दारावर, हाताने ढकलायच्या जागी, एक तांब्याची पट्टी होती. हातभर लांब, वितीपेक्षा अरुंद. डाळिंबाची फांदी, तीवर दोन पाखरं, एक फळ फुटलेलं. बाबा कित्येक वर्षं त्या पट्टीसाठी जात होते. बाई पहिल्याच वेळी म्हणाल्या होत्या, “गप्प बसण्यात मला हरवणार का, सबनीस? मी आख्खी शाळा गप्प बसवलीय.” तेव्हापासून त्यांचा नियमच ठरला. जो आधी बोलेल तो हरला. बाई बोलल्या तर पट्टी बाबांची. बाबा बोलले तर पुढच्या वर्षी या. दोघंही इतकी कडक, की एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. बघितलं की हसू येतं आणि हसलं की बोललं जातं. दरवर्षी शेवटी बाबाच हरत आणि बाईंच्या हातचा मुरंबा घेऊन परत येत.

त्या दिवशी जानेवारीतलं दाट धुकं होतं. पसरणीचा घाट चढताना मी बाबांना एक गोष्ट सांगितली. त्यानंतर ते नुसती गाडी चालवत राहिले.

बंगल्याशी उतरल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

“आलात?” बाई पायरीवर उभ्या होत्या. “मला वाटलं, यंदा तरी शहाणे व्हाल.”

“बाई, यंदा एकच मागणं. पट्टी काढून मागची बाजू बघू का? होती तशी बसवून देतो.”

“बघा. पण दाराबाहेर न्यायची नाही. आणि आता बोललात ते बोललात. इथून पुढे नियम लागू.”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, हसले आणि आत गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसले. आतून अधूनमधून धातूवर धातू टेकल्याचा बारीक आवाज येत होता. बाबा बाहेर येतील, वाकतील, काहीतरी कुजबुजतील म्हणून मी वाट बघत होते. ते आले नाहीत. मीही आत गेले नाही. पानं उलटत राहिले.

एकच्या सुमाराला बाई व्हरांड्यात आल्या. “ऊठ. तुझ्या बाबांना जेवायला बोलाव. मी नाही बोलावणार, मी हरेन.”

मी आत गेले. बाबा दाराशी जमिनीवर बसले होते, चौकटीला पाठ टेकून.

“बाबा, जेवायला चला.”

ते बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, बरं, असू दे.

“बाबा, बाईंनी पानं घेतलीत.”

“जेवणाची लाच दाखवू नकोस गं त्यांना!” बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. “मागच्या वर्षी भरल्या वांग्यांवर हरले होते, आठवतंय ना?”

मी हसले. हसत असतानाच मला दिसलं की बाबांचा चष्मा एका कानावरून सुटून गालावर लोंबकळतोय आणि तो त्यांनी सारखा केलेला नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली होती. उजवा हात शेजारी जमिनीवर उताणा पडला होता, कुणीतरी आणून ठेवलेल्या वस्तूसारखा. बाबांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

आजही घरात कुणी बराच वेळ गप्प असलं की मी उठते आणि त्याचा चेहरा बघून येते.

“बाई, बाबा बोलत नाहीयेत.”

“बोलतील कसे? पक्के आहेत ते.”

“बाई!”

हातात डाव घेऊनच त्या आल्या. दाराशी थांबल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

“सबनीस,” त्या म्हणाल्या. “सबनीस, मी हरले. ऐकलंत? मी आधी बोललेय. पट्टी तुमची. आता बोला.”

बाबांचे ओठ हलले. घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता.

“हरले म्हणतेय ना मी! बोला!”

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. बाईंनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, इथे वेळ घालवू नका, स्कॅन साताऱ्यात होईल, मी तिकडे कळवून ठेवतो. ॲम्ब्युलन्स मागवावी का, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “ती वाईवरून वर येणार, मग खाली जाणार. तुला गाडी चालवता येते ना?”

“घाटात कधी नाही चालवली.”

“मग आज चालव.”

शेजारच्या बंद बंगल्याची राखण करणाऱ्या हौसाबाई हाक ऐकून कुंपणावरून आल्या. बाबांकडे एकदा बघून म्हणाल्या, “वारं गेलं वो अंगावरनं. उचला, उचला लवकर.” आम्ही तिघींनी बाबांना जेवणाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट गाडीपर्यंत नेलं. उजवा पाय जमिनीवरून घासत येत होता आणि त्याची चप्पल वाटेत निघून पडली. बाईंनी घराची किल्ली हौसाबाईंच्या हातात कोंबली आणि मागच्या सीटवर बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

घाटात धुकं सकाळपेक्षा दाट झालं होतं. काचेपुढे दोन हात रस्ता दिसे आणि मग काहीच नाही. समोरून येणारी गाडी आधी ऐकू येई, मग दोन पिवळे डाग दिसत, मग ती अंगावर आल्यासारखी बाजूने जाई. ब्रेकवर पाय आहे की नाही हे मला खाली बघून ठरवावं लागत होतं.

“खाली बघू नकोस,” बाई मागून म्हणाल्या. “डोंगराच्या अंगाने चल. हॉर्न दे. आता वळण आहे, मोठं. दे हॉर्न.”

“तुम्हाला दिसतंय?”

“मला काही दिसत नाही. मला पाठ आहे.”

मग त्या बाबांशी बोलायला लागल्या, चुकणाऱ्या मुलाशी बोलावं तशा. “सबनीस, माझं बोट धरा. उजव्या हाताने. नाही, हा डावा. उजव्या हाताने धरा म्हणतेय. बरं, नाव सांगा तुमचं. र म्हणा. र.”

मागून तो आवाज येई. दर वेळी सारखाच. मग तोही येईनासा झाला आणि मी आरशात बघितलं.

“आहेत,” बाई म्हणाल्या. “डोळे उघडे आहेत. तू पुढे बघ.”

एका वळणावर समोरून एसटी आली. मी गाडी कठड्याकडे घेतली, जरा जास्तच घेतली, खालची खडी घसरल्याचा आवाज आला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. मला वाटलं, आता आपण तिघंही. गाडी थांबली होती. मी गिअर टाकला.

त्या सगळ्या उतारावर मी मनाशी एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. हे सकाळीच सुरू झालेलं असणार. घाट चढतानाच बाबांना बरं वाटत नसणार, म्हणून ते माझ्याशी बोलले नाहीत. मला ते तसंच असायला हवं होतं. का, हे बाईंना माहीत नव्हतं.

आणि आता हॉस्पिटलात बाई डॉक्टरांना नियमाबद्दल सांगत होत्या. जो आधी बोलेल तो हरला वगैरे. डॉक्टर घोरपडे ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की असलं काही त्यांना कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही.

“म्हणजे अडीच तास एका घरात तीन माणसं होती, आणि यांच्याकडे कुणी बघितलंच नाही?”

“बघितलं असतं तर मी हरले असते,” बाई म्हणाल्या. मग स्वतःच्याच वाक्याने दचकल्या.

“मला खात्रीची वेळ हवी. साडेदहाच धरावी लागणार. सॉरी.”

“थांबा,” मी म्हणाले. “मोजता येईल.”

“काय?”

“स्क्रू. बाबा जुना स्क्रू घाईने काढत नाहीत. तेलाचे दोन थेंब सोडतात, थांबतात, पाव फेरा देतात. पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. एकेका स्क्रूला पाव तास जातोच. पट्टीला आठ आहेत. किती निघालेत ते कळलं तर—”

“तुम्ही पाहिले नाहीत?”

“नाही. मी बाबांकडेच बघत होते.”

बाईंनी तोवर फोन काढून घरचा नंबर लावला होता. त्यांनी तो टेबलावर मध्ये ठेवला. बराच वेळ घंटी वाजली. मग हौसाबाईंचा आवाज आला, “बाई? कसं हाय पाव्हण्यांचं?”

“हौसा, आधी ऐक. हॉलच्या दाराशी जा. तांब्याची पट्टी आहे बघ. तिचे स्क्रू किती निघालेत?”

“चष्मा न्हाई माझा.”

“हाताने मोज. जा.”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. डॉक्टर उभ्याच होत्या. आत पडद्यामागे बाबांच्या छातीला लावलेलं यंत्र टिकटिक करत होतं आणि मला वाटत होतं, हौसाबाई त्या घरात कुठेतरी हरवल्या, आता त्या येणारच नाहीत. पावलं परत आली.

“बाई, खाली रुमाल आथरलाय. त्यावर सात हायती. एक दाराला हाय आजून, निम्मा भायेर आलेला. पट्टी त्येच्यावरच लोंबतीया.”

मी पुढे वाकले. “हौसाबाई, सात आहेत ते कसे आहेत? विखुरलेत का?”

“न्हाई वो ताई. रांगोळी मांडल्यावानी मांडलेत. हिकडं चार, तिकडं तीन. पुसून चकचकीत.”

“आणि पट्टी? पट्टीला काही झालंय?”

“व्हय. वरखाडा हाय एक. त्या आठव्यापासनं खाली आलाय, पाखराच्या अंगावरनं. नवाच दिसतोय. नुसता लाल लाल चमकतोय, बिनचष्म्याचा बी दिसतोय.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. बाबांनी कधी कुठल्या वस्तूवर ओरखडा काढला नव्हता. दुसऱ्या कुणी काढलेला दिसला तरी ते त्यावरून बोट फिरवत आणि घरी येईपर्यंत हळहळत.

“सात स्क्रू,” मी डॉक्टरांना म्हणाले. “सव्वाबारापर्यंत तरी त्यांचा उजवा हात शाबूत होता. आठव्याला स्क्रूड्रायव्हर निसटला. तेव्हा झालं हे.”

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. चेहरा थोडा सैलावला. मग पुन्हा आवळला.

“हाताचं मान्य. पण वाचेचं काय? पुष्कळदा आधी वाचा जाते, हात मागाहून जातो. बोलता येत नाही हे बाहेर कुणाला कळतही नाही, माणूस नुसता काम करत बसतो. तसं असेल तर साडेदहाच धरायला हवी.”

“अहो, माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून गप्प होते ते,” बाई कळवळून म्हणाल्या. “हिच्याशी बोलतात ना! मध्ये उठून बाहेर येतात, हिला सांगतात. दरवर्षी. उत्तरा, तुला येऊन काहीतरी म्हणाले असतील की!”

“नाही,” मी म्हणाले. “आज आले नाहीत.”

“मग तेच म्हणतेय मी,” डॉक्टर म्हणाल्या. “एरवी मुलीला सांगतात. आज तिलाही नाही. का नाही?”

मी काही न बोलता उभी राहिले असते तर तो प्रश्न तिथेच संपला असता. डॉक्टरांनी उत्तर गृहीत धरलं असतं. बाबा सकाळपासून आजारी होते. बोलता येत नव्हतं म्हणून बोलले नाहीत. घाटभर जे मला हवं होतं तेच एक शिकलेली बाई मला खरं म्हणून सांगत होती.

“बाबा माझ्यावर रागावले होते,” मी म्हणाले.

“कशावरून?”

“घाटात मी त्यांना सांगितलं, तुमच्यामागे तुमच्या वस्तू मी सांभाळणार नाही. आत्ताच कुठल्यातरी संग्रहालयाशी बोला, नाहीतर विकून टाका. मला घरात नकोत.”

बाई माझ्याकडे बघत होत्या हे मला न बघताही कळत होतं.

“काय म्हणाले ते?”

“काही नाही. वायपर बंद केला. मग धुकं होतं म्हणून पुन्हा सुरू केला.”

“म्हणजे तेव्हाच बोलणं बंद झालं होतं.”

“माझ्याशी. बंगल्यावर उतरल्यावर बाईंशी व्यवस्थित बोलले, हसले. वाचा होती त्यांना. मला बघून न बघितल्यासारखं करून आत गेले.”

“असे रागावले की किती वेळ बोलत नाहीत?”

“एकदा आख्खी दिवाळी बोलले नव्हते.”

“आज एवढे रागावले असतील? नीट विचार करून सांगा. तुमचा अंदाज चुकला तर इंजेक्शनने जीव जाईल त्यांचा.”

“अंदाज नाही.” माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “मला सांगायचं नव्हतं म्हणून आले नाहीत. बोलता येत होतं आणि बोलले नाहीत. मी त्यांची मुलगी आहे. मला माहीत आहे.”

डॉक्टर घोरपडेंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढा वेळ मी मनात एकच म्हणत होते, बाबा, रागावलेले असा. खूप रागावलेले असा. माझं तोंड बघायची इच्छा नसेल इतके रागावलेले असा.

“सही करा,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. जाता जाता नर्सला वजन विचारलं.

आम्ही दोघी बाकावर बसलो. पडद्यामागून सूचना ऐकू येत होत्या, चपला सरकत होत्या, एकदा कुणीतरी धावत गेलं आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो. ते दुसऱ्याच पेशंटसाठी होतं. बसलो. बाईंच्या साडीवर अजून डावातली आमटी सांडल्याचे डाग होते. डोक्यात रक्त सुटलं तर ते बाहेरून कसं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी बाबांचं पाऊल तेवढं बघू शकत होते, पडद्याखालून, चप्पल नसलेलं.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, “खरंच असं म्हणालीस त्यांना?”

“हो.”

त्या पुढे झुकून पडद्याकडे बघत राहिल्या. “आजच म्हणालीस ते बरं झालं.”

संध्याकाळी नर्सने एकाच माणसाला आत सोडलं. बाई म्हणाल्या, “तू जा. मी गेले तर त्यांना वाटेल पट्टी परत मागायला आले.”

बाबा डोळे मिटून होते. तोंडाचा उजवा कोपरा अजून खाली ओढलेला होता. मी स्टूल ओढून बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. थंड होता, जड होता. नखांत तेलाची काळी कड होती.

“बाबा.”

त्यांनी डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत दुपारची भीती नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. घाट, धुकं, मी जे म्हटलं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून परत येताना मला दिसलं. मी काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या हातांत काहीतरी हललं.

मी बाहेर आले तेव्हा बाई दाराशीच उभ्या होत्या.

“बोलले?”

“नाही.”

“ओळखलं का तुला?”

“हात सोडवून घेतला माझ्या हातातून.”

बाईंनी माझा दंड धरला. “कुठला?”

“उजवा,” मी म्हणाले.